पद्मटंक आणि अडकित्ता

सोन्याचं जुनं नाणं हातात आलं की लोक त्यावरचं चित्र बघतात. मी आधी कड बघतो. नाण्याची सगळी भानगड कडेवर असते. कुठे सोनाराने गळ्यात घालण्यासाठी कडी डागलेली असते, कुठे ती कडी काढून वर कानस फिरवलेली असते, कुठे कुणा जुन्या सराफाने जाता जाता थोडं सोनं कातरून घेतलेलं असतं. वकिली केल्यामुळे ही खोड लागली असेल. समोरचा काहीतरी लपवतो आहे असं धरूनच सुरुवात करायची.

आता मात्र कड बघायचाही कंटाळा येतो. अमरावतीच्या घरात एका पत्र्याच्या डब्यात माझी सोन्याची नाणी आहेत, एकेक कापसात गुंडाळलेलं. पूर्वी कोर्टातून आलो की चहाच्या आधी डबा उघडायचो. आता महिनोन्महिने झाकणाला हात लागत नाही. बायको गेल्यावर तर कुणाला दाखवायचं हाही प्रश्नच आहे. ती नाक मुरडायची, पण बघायची. मुलगी परदेशात असते. दर रविवारी फोन करते आणि फिरून फिरून एकच विचारते, "बाबा, हे सगळं पुढे कोणाला द्यायचं?" मी विषय बदलतो, कारण मलाही माहीत नाही.

फोन अजून येतात. "साहेब, धारणीकडे खोदकामात हंडा सापडला. फक्त तुमाले दाखवून राहिलो." तरुणपणी अशा एका हंड्यासाठी मी जीपला लटकून मेळघाटात गेलो होतो. रस्ता असा, की घरी आलो तेव्हा कंबर कुठे आहे ते शोधावं लागलं. हंड्यात पितळेच्या चकत्या होत्या, घासूनपुसून लख्ख केलेल्या, आणि एकाही चकतीवर धड अक्षर नव्हतं. आता फोटो न बघताच सांगतो, "भाऊ, पितळ हाय." तोही हुज्जत घालत नाही. दोघांचाही वेळ वाचतो.

या नादाला मी लागलो तो अकोल्याला, आमच्या आईमुळे. तिच्याकडे पुतळ्यांची माळ होती. एकेका पुतळीवर दोन माणसं, एक उभा, एक गुडघे टेकलेला. आमच्याकडच्या बायका त्यांना रामसीता म्हणायच्या आणि लक्ष्मीपूजनाला माळेला हळदकुंकू वाहायच्या. कॉलेजात असताना मला कळलं, की ही नाणी पार व्हेनिस शहरातली. तिथले व्यापारी आपल्याकडचं कापड न्यायचे आणि त्याबदल्यात ही नाणी द्यायचे. उभा आहे तो ख्रिस्ती संत आणि गुडघे टेकलेला तिथला राज्यकर्ता. मी मोठ्या तोऱ्यात घरी येऊन आईला हे सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असन बापा. पन इतक्या जनीनं इतके दिवस पूजा केली, आता ते रामसीताच होय." त्या दिवशी मला तिचा राग आला होता. आज वाटतं, इतिहासाच्या माझ्या सगळ्या पुस्तकांत इतकं सरळ वाक्य सापडणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय तो माझा मित्र. अमरावतीला लॉ कॉलेजच्या होस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. त्याचे वडील अचानक गेले आणि तो शिक्षण अर्धवट सोडून गावी गेला. चांदूर बाजारच्या अलीकडे त्याचं गाव, काळी कसदार जमीन, संत्र्याची बाग. कायदा त्याला माझ्यापेक्षा चांगला कळायचा आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. मी सनद घ्यायच्या आधीपासून तो मला "वकील" म्हणायचा. पुढे माझी वकिली कशी चालली ते बघूनही त्याने ते बदललं नाही, हा त्याचा मोठेपणा.

एका दिवाळीला त्याच्याकडे गेलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर तांदळाच्या राशीत एक सोन्याचा तुकडा ठेवलेला दिसला आणि माझ्या हातातला फराळ हातातच राहिला. नखाएवढा, मधे खोलगट, वाटीसारखा. मधोमध कमळ. पद्मटंक! देवगिरीच्या यादवांचं नाणं. त्यांच्या टांकसाळीत सोन्याची गोळी चपटी करून तिच्यावर एकेक ठसा वेगळा ठोकत. मधे कमळ, मग भोवती शंख, श्री, राजाचं नाव. इतके घाव बसल्यावर ते बिचारं वाकून वाटीसारखं व्हायचं. दिल्लीची फौज देवगिरीवर गेली ती इथल्याच अचलपूरवरून. देवगिरीचं सोनं उंटाघोड्यांवर लादून दिल्लीला गेलं, वितळलं, दुसऱ्यांच्या नावांनी पुन्हा पाडलं गेलं. हा एक तुकडा तेवढा कुणाच्या तरी कनवटीला राहिला आणि या घरात आला. कसा आला ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडे त्याला नुसतं "घरची वाटी" म्हणत.

मी कड बघितली. कड जागोजागी कापलेली होती. राजाच्या नावातलं एकच अक्षर उरलं होतं आणि तेही अर्धं, त्यामुळे कुठल्या राजाचं नाणं ते सांगता येईना. मग मी सुरू झालो. मध्ययुगातले सराफ सोनं कसं चोरत, कातरलेल्या कडांवरून व्यापाराचा मार्ग कसा ओळखता येतो, असं बरंच काही. त्याने पूर्ण बोलू दिलं. वहिनींनी दोनदा चहा आणून ठेवला.

"झालं तुयं?" तो म्हणाला. "आता आयक. हा काप माह्या आजोबाचा. हा आजीचा. हा बाबाचा. आन हा मोठ्या काकूचा. जिंदगीभर सोन्यासाठी भांडली, मनून तिचा काप जरा मोठा घेतला."

माणूस गेला की तोंडात तुळस, गंगाजल आणि सोन्याचा कण घालतात, तसं आमच्याकडेही करतात. पण त्यांच्या घरात तो कण या वाटीचाच लागायचा. घरातल्या मोठ्याने पानाच्या डब्यातला अडकित्ता घ्यायचा, वाटीच्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापायचा आणि गेलेल्याच्या जिभेवर ठेवायचा. पिढ्यान्‌पिढ्या हेच. त्या राजाचं नाव या घरातल्या मेलेल्या माणसांनी एकेक अक्षर करून नेलं होतं.

"कावून पण?" मी विचारलं. "साधा मणी आणून घातला तं काय होते? हे सोनं नाई लेका, इतिहास हाय हा."

"तथी गेल्यावर ओयख पटाले पायजे न," तो म्हणाला. "एकाच वाटीचं सोनं तोंडात असलं का आपल्या घरचा हाय, हे त्यायले समजते. तुह्या मण्यानं काय समजन?"

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, नाण्याला भोक पाडू नका, घासू नका, कडी लावू नका. आणि इथे माझा सख्खा मित्र अडकित्ता घेऊन बसला होता. मला ती वाटी हवी होती. विकत नाही, तसं मी त्याला कधी म्हटलंही नाही. पण ती आहे तेवढी तरी वाचावी, कमळ तरी राहावं, एवढं मला मनापासून वाटत होतं. त्याच्या आईच्या वेळी मी तिथे होतो. माऊली गेल्याचं दुःख मला खरोखर झालं, आणि त्या दुःखातही माझं लक्ष अडकित्त्याच्या पात्याकडे होतं. शंख गेला.

पुढे त्याचा मुलगा पुण्यात कंपनीत लागला आणि तिथलाच झाला. गावात दोन-तीन घरफोड्या झाल्या. एकदा अमरावतीला आला तेव्हा माझ्या मित्राने खिशातून औषधाची रिकामी डबी काढून माझ्यासमोर ठेवली. आत कापसात वाटी.

"ठेव तुह्यापाशी," तो म्हणाला. "तशीबी तुलेच तिची काळजी. माहा नंबर लागला का घेऊन ये, माहा काप काढ आन बाकीची तुले. पोराले पुण्यात हे काई लागत नाई."

इतक्या वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता, आणि इतकी लाजही वाटली नव्हती. त्या दिवशी तो गेल्यावर मी भिंग घेऊन बसलो. कमळाच्या डाव्या अंगाला एक जागा होती, जिथे ठसा नव्हता, नुसतं साधं सोनं. तिथून कणीएवढं कापलं तर कमळाला धक्का लागणार नव्हता. पुढच्या वेळी त्याच्या गावी गेलो तेव्हा मी त्याला ती जागा दाखवली. त्याला इतकं हसू आलं, की वहिनी आतून बाहेर आल्या. "पाह्य," तो त्यांना म्हणाला, "वकिलानं माहा प्लॉट बुक करून ठेवला."

मग तो आजारी पडला. किडन्या गेल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा एसटीने अमरावतीला यायचं. कधी वहिनी बरोबर असायच्या, कधी तो एकटाच. दवाखान्यातून सुटला की तो माझ्याकडे येऊन पडायचा आणि थोडी ताकद आली की संध्याकाळच्या गाडीने परत. आम्ही फार बोलायचो नाही. दोन म्हातारे एका खोलीत पंख्याखाली. तो डोळे मिटून असायचा. मी कधी पेपर वाचायचो, कधी डबी काढून वाटी बघायचो. तिच्याकडे बघितलं की मला बरं वाटायचं, आणि त्याच्याकडे बघितलं की नाही, हे खरं आहे. तो झोपलाय असं मी समजायचो. तो बहुतेक वेळा जागाच असावा.

त्या दिवसांत मला थकवा म्हणजे काय ते कळलं. तो त्याच्या रक्ताला थकला होता, मी माझ्या हौसेला. साम्राज्यं येतात, टांकसाळी बदलतात, आणि शेवटी एक माणूस एसटीच्या पायरीवर दोन्ही हातांनी दांडा धरून उभा असतो, वर चढता येत नाही म्हणून. मी मागून त्याच्या पाठीला हात लावायचो. कंडक्टर घंटी मारायला थांबायचा. देवगिरीचं काय झालं याच्याशी मला अशा वेळी काडीचंही देणंघेणं नसायचं.

तो उन्हाळ्यात गेला. मुलगा दोन दिवस आधीच पुण्याहून आला होता. सकाळी त्याचा फोन आला, "काका, बाबा गेले." मी डबी खिशात टाकली आणि चांदूर बाजारची गाडी पकडली. वाटेत दोनदा उघडून बघितलं, डाव्या अंगाची ती जागा आहे ना म्हणून. ती कुठे जाणार होती? पण बघितलं.

पोचलो तेव्हा अंगणात मांडव टाकला होता आणि माणसं उन्हामुळे घाई करत होती. त्याला खाली काढून ठेवलं होतं. मुलाने चांदूर बाजारहून अंत्यविधीच्या सामानाचं तयार पुडकं आणलं होतं. हल्ली सगळं एकात मिळतं, तुळस, गंगाजलाची चपटी बाटली, कापूर, आणि प्लास्टिकच्या इवल्याशा पिशवीत सोन्याचा म्हणून एक मणी. माझी बायको दवाखान्यातच वारली तेव्हा असंच पुडकं कुणीतरी आणलं होतं. तिच्या तोंडात काय घातलं ते मला आठवत नाही. कुणीतरी काहीतरी घातलं.

मुलाने ती पिशवी दाताने फाडली. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. वाटीचं कुणी नावही काढलं नाही. माझा हात खिशात डबीवर होता. गप्प बसलो असतो तर ती तशीच माझ्याबरोबर परत आली असती, कमळ अख्खं आणि ती साधी जागाही अख्खी.

"थांब," मी म्हणालो. "हे नाई. वाटी आणली हाय मी."

मुलगा गोंधळून आईकडे बघायला लागला. वहिनी नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्या रडून थांबल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यायनं मले सांगून ठेवलं होतं. मने, वकिलाले वाटी मागजो नोको. त्याचा जीव हाय तिच्यात, दर खेपेले पाह्यते तो मी झोपलो का. मने, माह्या तोंडात बाजारचा मणी घातला तरी चालते."

मी तिथेच जमिनीवर बसलो. आजोबा, आजी, बाप, भांडखोर काकू, आई, सगळे एकाच सोन्याच्या खुणेने गेले, आणि हा माझ्या भिंगासाठी बाजारचा मणी घेऊन निघाला होता. त्यांच्यातून वेगळा होऊन. मी त्याला मोठा शहाणा समजायचो. त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसावर चिडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"नाई वहिनी," मी म्हणालो. "त्याचा काप तो त्याचाच. त्याले मी नाई म्हनू देनार नाई. जागाबी पाहून ठेवली हाय मी, बारीकसा कापला तं..." आणि मी त्यांना डबी उघडून ती डाव्या अंगाची जागा दाखवायला लागलो. प्रेताशेजारी बसून, बोटाने. सवय माणसाला कुठवर नेते बघा.

वहिनींनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आना इकडं," त्या म्हणाल्या. मुलाला म्हणाल्या, "पानाच्या डब्यातला अडकित्ता आन."

मागून कुणीतरी पुटपुटलं, की हे घरातल्या मोठ्या पुरुषाने करायचं असतं. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही. अडकित्ता आला. जुना, पात्याची धार झिजलेला, मुठीवर चुन्याचा डाग. त्यांनी वाटी पात्यात धरली. साध्या जागेवर नाही. मधोमध, कमळावर.

"वहिनी, तथून नोको!" हे माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. पहिल्यांदा नुसती वाकली. दुसऱ्यांदा तुटली. यादवांचं सोनं मऊच असतं, फार चोख. दोन अर्धे तुकडे त्यांच्या पदरात पडले. त्यातला एक त्यांनी नवऱ्याच्या जिभेवर ठेवला, हनुवटी हळूच वर केली आणि तोंड मिटवलं. दुसरा माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं आपल्या हाताने बंद केली.

"अर्धी त्यायले, अर्धी तुमाले," त्या म्हणाल्या. "तुमचीबी येळ येईनच न भाऊ. इतके दिवस या घरचं खाल्लं, मंग जाताना परके मनून कायले जाता?"

मी त्या दिवशी खूप रडलो. बायको गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. त्या वेळी बिलं आणि सह्या होत्या. इथे माझ्याकडे काहीच काम नव्हतं. मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि मग चौघांनी माझ्या मित्राला उचललं.

त्या अर्ध्या तुकड्याला आता संग्राहकांच्या जगात काही अर्थ नाही. राजा कोण ते कळत नाही, शंख नाही, कमळ अर्धं. लिलावात कुणी हातही लावणार नाही. माझ्याच एका जुन्या ओळखीच्याला मी तो दाखवला तर तो हळहळला. "कोणत्या मूर्खानं कापलं हो हे?" मी म्हटलं, घरच्यांनी.

पुढच्या रविवारी मुलीचा फोन आला आणि तिने नेहमीचा प्रश्न विचारला. या खेपेला मी विषय बदलला नाही. डबा कुठे आहे ते सांगितलं, आतली नाणी विक, वाट, एखाद्या वस्तुसंग्रहालयाला दे, तुझ्या मनाला येईल ते कर, म्हटलं. मग औषधाच्या त्या डबीबद्दल सांगितलं, ती कपाटात माझ्या धोतराखाली ठेवली आहे म्हणून. यायला उशीर झाला तर शेजारच्यांना फोन करून सांग, पण ती डबी उघडल्याशिवाय मला उचलू देऊ नकोस.

ती म्हणाली, "बाबा, तुमच्या त्या एवढ्या नाण्यांपैकी हेच का?"

"बाकीची मी गोळा केलेली आहेत," मी म्हणालो. "हे मला दिलेलं आहे."